रायफल आणि तिचे काडतूस



मागच्या वर्षी एन.सी.सी.च्या नेमबाजीचा सराव आटोपल्यावर खानापूर भागातला एक विद्यार्थी माझ्याजवळ आला. मी निवृत्त झालो असलो तरी अशा प्रसंगी महाविद्यालयात माझी फेरी होतेच. तो म्हणाला, "सर, आजोबा वारले. त्यांची परवान्याची रायफल घरात आहे आणि माळ्यावरच्या डब्यात काडतुसं सापडलीत. काही लांब आहेत, काही जरा आखूड. पण जाडीला सगळी सारखीच दिसतात. चालतील ना?"

शेवटचे दोन शब्द ऐकून मला पन्नास वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी हाच प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले होते. ते उत्तर चुकीचे होते. प्रस्तुत लेख त्या चुकीतून जन्माला आला आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीचा शौक संपला आणि तो संपला हे योग्यच झाले. हा लेख शिकारीला उत्तेजन देण्यासाठी लिहिलेला नाही. पण सीमाभागातल्या अनेक जुन्या घरांत परवान्याच्या रायफली आजही आहेत, पीक-संरक्षणाच्या बंदुका आहेत, नेमबाजी हा खेळ आहे आणि आपल्यातले कित्येक जण सैन्यात व पोलीस दलात जातात. ज्या वस्तूला हात लागण्याचा संभव आहे तिचे शास्त्र ठाऊक असलेले बरे.

एक संध्याकाळ

साल १९७१. मी सतरा वर्षांचा, एन.सी.सी.चे प्रमाणपत्र नुकतेच हाती आलेले, त्यामुळे बंदुकीतले आपल्याला सर्व कळते अशी समजूत. आमच्या थोरल्या काकांकडे एक ऑस्ट्रियन रायफल होती. सुंदर, सडपातळ, दस्त्याचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेले. १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती रीतसर घेतली होती. परवान्यावर नोंद एवढीच : "रायफल, ८ मि.मी."

सुगीचे दिवस होते आणि रानडुकरे शेतात शिरत होती. जुनी काडतुसे संपत आली म्हणून काकांनी परवाना दाखवून शहरातून दहा काडतुसे आणली. दुकानदाराने परवान्यावरचे "८ मि.मी." वाचले आणि "८ मि.मी."ची पेटी दिली. त्यात त्याचे काही चुकले असे त्यालाही वाटले नाही आणि आम्हालाही नाही.

संध्याकाळी अंगणात, काकांच्या देखत, मी एक काडतूस घालून बोल्ट पुढे ढकलला. तो गेला, पण शेवटी, दांडी खाली वळवायच्या वेळी अडला. मी तळहाताने दाब दिला. जरा हलल्यासारखे वाटले. आणखी जोर लावणार एवढ्यात मागून आवाज आला :

"अरे, काय करालास? रायफल नको म्हणत्या, तिचं ऐक की!"

आवाज आमच्या हवालदारमामांचा होता. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. पलटणीत त्यांचे काम आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करण्याचे. त्यांनी रायफल माझ्या हातून काढून घेतली, नळीचे तोंड शेताकडे धरून बोल्ट मागे ओढला, काडतूस बाहेर काढले आणि डब्यातले एक जुने काडतूस त्याच्याशेजारी ओट्यावर उभे केले. मग दोन्ही उलटी करून बुडावरची अक्षरे मला वाचायला लावली. जुन्यावर ८ × ५६ असे होते, नव्यावर ८ × ५७.

"एका मिलिमीटरचा तर फरक!" मी म्हणालो.

मामा हसले नाहीत. त्यांनी फक्त आपला डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटे अर्धीच होती. त्या हाताची कथा पुढे येईल. आधी थोडे शास्त्र पाहू.

काडतुसात काय असते

बोलण्यात आपण सर्रास "गोळी" म्हणतो, पण काडतुसाचे चार भाग असतात : बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पितळेची पुंगळी, तिच्यातली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर खिळा आपटतो, ठिणगी पडते, दारू झपाट्याने जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो.

हा रेटा किती असतो? .३०-०६ या प्रसिद्ध शिकारी काडतुसात दाबाची मान्य मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब चौरस इंचाला साधारण १४.७ पौंड असतो. म्हणजे हा दाब त्याच्या सुमारे ४,००० पट झाला. या काडतुसाच्या गोळीचा व्यास .३०८ इंच, म्हणून तिच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे .०७४५ चौरस इंच. दोन्हींचा गुणाकार केला तर गोळीच्या बुडावर जवळजवळ ४,४७० पौंडांचा, म्हणजे दोन टनांचा रेटा येतो. दीडशे ग्रेन वजनाची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी या रेट्याने सेकंदाला सुमारे ८८० मीटर वेग घेऊन बाहेर पडते. १/२ mv² हे सूत्र ज्यांना पाठ आहे त्यांनी ऊर्जा काढून पाहावी. ती ३,८०० ज्यूलच्या आसपास येईल. (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड.)

वायूला दिशा कळत नाही. तो पुढे दाबतो तसाच मागे आणि बाजूंनाही दाबतो. पितळ लवचीक असल्याने पुंगळी क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागची वाट बंद करते. चेंबर म्हणजे काडतूस ज्यात बसते तो नळीचा मागचा भाग. पुंगळी आणि चेंबर यांचा आकार जुळलेला असेल तर पितळेला चोहोबाजूंनी पोलादाचा आधार मिळतो. आधार नसेल तेथे पितळ फाटते, आणि चार हजार वातावरणांचा तप्त वायू बोल्टच्या फटीतून मागे येतो. मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

सारांश, काडतूस आणि चेंबर ही किल्ली-कुलपासारखी जोडी आहे. किल्ली चुकली तर कुलूप उघडत नाही, इतकेच होते. येथे चुकले तर कुलूपच फुटते.

नावावर जाऊ नये

मग नेमका घोटाळा होतो कोठे? तो होतो नावात. काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे मोजमाप, असे आपण धरून चालतो. खरे पाहता ते नाव असते, आणि नाव ठेवणाऱ्याने ते आपल्या मर्जीने ठेवलेले असते.

रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे पाडलेले असतात. म्हणून नळीला दोन व्यास असतात : एक उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत, दुसरा खोलगटीपासून खोलगटीपर्यंत. कोणी पहिल्यावरून नाव ठेवतो, कोणी दुसऱ्यावरून. .३०३ च्या गोळीचा खरा व्यास .३१२ इंचाच्या आसपास असतो; .२७० ची गोळी .२७७ इंच; .३०-०६ आणि .३०८ या दोहोंची गोळी मात्र एकच, .३०८ इंच.

जोडनावांची तर आणखी मौज आहे. .४५-७० मधील ७० म्हणजे सत्तर ग्रेन काळी दारू. .३०-०६ मधील ०६ म्हणजे १९०६ हे साल. .२५०-३००० मधील ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट वेग. नावांची घडण सारखी, अर्थ तीन.

कधी एकाच काडतुसाला दोन नावे असतात. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. हे .२७५ रिग्बी म्हणजेच जर्मनांचे ७ × ५७ मॉझर. काडतूस तेच, केवळ इंग्रजी नाव.

पण खरा धोका याच्या उलट असतो, म्हणजे एका नावाखाली अनेक काडतुसे. ".३७५" एवढेच सांगितले तर काय समजावे? १८९९ च्या सुमाराचे जुने अडीच इंची .३७५, हॉलंड अँड हॉलंड यांचे १९१२ चे पट्ट्याचे मॅग्नम, आणि त्याच कंपनीचे दुनळी रायफलीसाठीचे कडेचे मॅग्नम. तिन्ही निराळी.

आता आमच्या "८ मि.मी."कडे वळू. आपल्या देशात ईशापूरच्या कारखान्याने बनवलेली .३१५ ची स्पोर्टिंग रायफल पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्या काडतुसालाही ८ मि.मी. म्हणतात. ते ८ × ५०, बुडाला बाहेर आलेली कड असलेले, जुन्या मॅन्लिकर लष्करी काडतुसाच्या घराण्यातले. ब्रिटिश सरकारने .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य नागरिकाच्या हाती जाऊ नये असे ठरवले, त्यातून या .३१५ चा प्रसार झाला. दुसरे ८ मि.मी. म्हणजे जर्मन मॉझरचे ८ × ५७. तिसरे, आमच्या काकांच्या मॅन्लिकर-शोनाअर रायफलीचे ८ × ५६. या रायफलींच्या बाबतीत मॉडेलचे साल हीच काडतुसाची खूण असे : १९०३ म्हणजे ६.५ × ५४, १९०५ म्हणजे ९ × ५६, १९०८ म्हणजे ८ × ५६ आणि १९१० म्हणजे ९.५ × ५७. काकांच्या रायफलीवर १९०८ हा आकडा स्पष्ट कोरलेला होता. ते बनावटीचे साल असावे असे समजून आम्ही सर्वांनी त्याकडे दुर्लक्ष केले होते.

आणि ८ × ५७ मध्येही पुन्हा दोन पोटजाती आहेत. १८८८ च्या मूळ काडतुसाची गोळी .३१८ इंच. १९०५ मध्ये जर्मनांनी टोकदार गोळी आणली, ती .३२३ इंच. पहिल्याची खूण I (जी पुष्कळदा J अशी वाचली जाते), दुसऱ्याची IS. पुंगळी जवळजवळ सारखी असल्याने रुंद गोळीचे काडतूस अरुंद नळीच्या जुन्या रायफलीत जाऊन बसू शकते. फरक इंचाच्या पाच सहस्रांशांचा, पण रुंद गोळीला तेवढे चेपून पुढे जाताना दाब धोक्याच्या पातळीला जातो. तेथे S हे एक अक्षर वाचणे किंवा न वाचणे यावर सारे अवलंबून असते.

नावाचा घोटाळा कारखानदारांनाही भोवतो. रेमिंग्टन कंपनीने १९५७ मध्ये काढलेल्या .२८० या काडतुसाचे नाव १९७९ च्या सुमारास बदलून "७ मि.मी. एक्स्प्रेस" केले. पण त्याच कंपनीचे १९६२ पासून "७ मि.मी. मॅग्नम" बाजारात होतेच. लोक एकाऐवजी दुसरे उचलू लागतील अशी धास्ती वाटून कंपनीला थोड्याच काळात पुन्हा .२८० कडे यावे लागले.

अडते ते बरे

आता या लेखातला मुख्य मुद्दा सांगतो. माझ्या हातून त्या संध्याकाळी अपघात झाला नाही, कारण काडतूस अडले. जे काडतूस अडते ते आपल्याला सावध करते. जे चुकीचे असूनही सहज आत जाते ते अधिक घातक. बसले म्हणजे जुळले, ही समजूत मनातून पार काढून टाकली पाहिजे.

पहिले उदाहरण .३०-०६ च्या रायफलीचे. तिची पुंगळी ६३ मि.मी. लांब, तर .३०८ विंचेस्टरची ५१ मि.मी. बुडाचा आकार एक, गोळी एक. .३०८ हे काडतूस .३०-०६ च्या चेंबरात शिरते, बोल्टची आकडी त्याला मागून धरून ठेवते आणि बार उडूही शकतो. पण पुढे सुमारे १२ मि.मी. जागा मोकळी राहिलेली असते. पितळ त्या पोकळीत फुगते, फाटते आणि वायू निसटतो.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. .२२३ च्या घराण्यातलीच पुंगळी आखूड करून तिच्यात .३०८ इंचाची जाड गोळी बसवलेली, असा हा प्रकार. बूड तेच, मॅगझिन तेच. हे काडतूस .२२३ च्या रायफलीत गेले तर .३०८ ची गोळी .२२४ च्या नळीत घुसू पाहते. तिला वाट मिळत नाही आणि रायफलीच्या ठिकऱ्या उडतात. तिकडे असे अपघात एकदा नव्हे, अनेकदा झाले आहेत.

तिसरे आपल्या .२२ चे. एन.सी.सी.त आपण वापरतो ते .२२ लाँग रायफल. १९५९ मध्ये आलेले .२२ विंचेस्टर मॅग्नम हे त्याहून जाड पुंगळीचे. साधे .२२ मॅग्नमच्या चेंबरात ढिले बसते आणि बार काढताच त्याची पुंगळी तडकते. दोन्ही ".२२"च!

आता हवालदारमामांच्या बोटांविषयी. ती रायफलीत गेली नव्हती, छऱ्याच्या बंदुकीत गेली होती. छऱ्याच्या बंदुकीचा बोअर उलटा मोजतात. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले तर त्यातल्या एकाचा जो व्यास तो १२ बोअर. वीस केले तर २० बोअर. म्हणून आकडा मोठा तितकी नळी लहान. निवृत्तीनंतर मामा एका नातेवाइकाच्या शेतावर राखणीला बसले होते. पिशवीत दोन्ही बोअरची काडतुसे मिसळलेली. अंधारात २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत गेले, चेंबरातून घसरून पुढे जाऊन अडकले. चाप ओढला तर नुसता खट् आवाज. काडतूस घालायचे राहिले असेल असे समजून त्यांनी मागून १२ बोअरचे घातले आणि पुन्हा चाप ओढला. पुढचे काडतूस नळीत बुचासारखे बसलेलेच होते. नळी नेमकी डाव्या हाताखाली फुटली.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या रायफली नीट केल्या, आणि माझ्याच हातून हे झालं," एवढेच ते म्हणाले. याच अपघातापायी आज २० बोअरच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवण्याची रीत पडली आहे. परंतु अंधारात रंग दिसत नाही. दोन बोअरची काडतुसे एका पिशवीत ठेवूच नयेत, हाच त्यावरचा खरा उपाय.

माप जुळले, तरी दाब?

समजा नाव जुळले, माप जुळले. एवढ्याने काम भागते का? जुन्या विलायती रायफलींच्या बाबतीत भागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काडतुसात काळी दारू असे. नंतर धूरविरहित नायट्रो दारू आली. तिचा दाब कितीतरी अधिक. पण पुंगळ्या पुष्कळदा जुन्याच मापाच्या राहिल्या. .४५० ची सव्वातीन इंची पुंगळी काळ्या दारूच्या काळात होती, आणि १८९८ मध्ये रिग्बीने तिच्याच मापात नायट्रो एक्स्प्रेस काढले. काळ्या दारूसाठी घडवलेल्या रायफलीत हे नवे काडतूस अगदी चपखल बसेल. पण तिचे पोलाद तो दाब सोसेलच असे नाही.

याच .४५० चा आपल्या इतिहासाशी संबंध आहे. बंडखोरांच्या हाती लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांना काडतुसे मिळू नयेत म्हणून सरकारने १९०७ मध्ये.४५० बोअर हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. लगेच विलायतेच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे शेजारचे बोअर पुढे आणले. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत हे जे सख्खे-चुलत आकडे एकत्र दिसतात त्यामागे हा हुकूम आहे.

विलायती नळीवर परीक्षागृहाचे ठसे असतात. लंडनचे गृह १६३७ च्या सनदेचे, बर्मिंगहॅमचे १८१३ चे. नळी ठरावीक दाबाला तपासून मगच ठसा मारीत. नायट्रो दारूच्या परीक्षेची खूण NP, काळ्या दारूची BP. ज्या नळीवर नायट्रोचा ठसा नाही तिच्यात नायट्रोचे काडतूस घालू नये, हा नियम अपवादाविना पाळावा.

गोळीचे वजन आणि आट्यांचा पीळ

जुळणीची ही शेवटची पायरी. येथे जीवाचा प्रश्न नसून नेमाचा आहे. भोवरा फिरत असेतो उभा राहतो. गोळीही स्वतःभोवती फिरत असेतो सरळ जाते. लांब गोळीला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणजे नळीचा पीळ दाट असावा लागतो. वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सोपे सूत्र दिले : एका पूर्ण वळशाची लांबी = १५० × (व्यास)² ÷ गोळीची लांबी, सर्व मापे इंचांत. .३०८ इंच व्यासाची गोळी १.२ इंच लांब असेल तर उत्तर ११.९ इंच येते, १.४ इंच लांब असेल तर १०.२ इंच. .३०-०६ च्या नळीत सामान्यतः दहा इंचांत एक वळसा असतो. ती दोन्ही गोळ्या का सांभाळते, हे यावरून कळेल.

पीळ चुकला तर चांगले काडतूसही पडते. रेमिंग्टनच्या १९५५ च्या .२४४ मध्ये बारा इंचांत एक वळसा ठेवला होता. हरणासाठी लोकांना हव्या असलेल्या शंभर ग्रेनच्या लांब गोळीला तो अपुरा ठरला, आणि प्रतिस्पर्धी .२४३ विंचेस्टर दहा इंची पिळाच्या जोरावर पुढे गेले. १९६३ मध्ये तेच काडतूस "६ मि.मी. रेमिंग्टन" या नावाने नऊ इंची पिळासह पुन्हा आणावे लागले. तोवर गिऱ्हाईक गेले होते.

गोळीच्या जातीबद्दलही दोन शब्द. संपूर्ण तांब्याचे कवच असलेली गोळी लक्ष्याच्या आरपार जाते. मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलते आणि जनावर तडफडत न राहता चटकन मरते. म्हणून १८९९ च्या हेग घोषणेने जी फुलणारी गोळी युद्धात वर्ज्य ठरवली, तीच इंग्लंडमध्ये हरणाच्या शिकारीला कायद्याने सक्तीची आहे. वरकरणी हे उलटे वाटते. पण तडफड टाळणे हाच दुसऱ्या नियमाचा हेतू आहे.

काय करावे

एवढा विस्तार केल्यावर व्यवहारात लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच उरतात :

१. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे पूर्ण नाव अक्षर-अक्षर ताडून पाहावे. "जवळजवळ तेच" याला येथे अर्थ नाही. परवान्यावर अर्धवट नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. बुडावर कारखान्याची खूणही असते. जुन्या देशी काडतुसांवरील के.एफ. ही अक्षरे खडकीच्या कारखान्याची.

२. नळीवर नाव नसेल, पुसट असेल किंवा नळी पूर्वी बदललेली असेल, तर जाणत्या कारागिराकडून चेंबरचा साचा काढून मापे घ्यावीत. काडतूस घालून पाहणे ही परीक्षा नव्हे.

३. बोल्ट अडला तर जोर लावू नये. बार हलका वाटला किंवा आवाज फुसका आला तर दुसरे काडतूस घालू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा ते एक मिनिट थांबावे. दारू कधी कधी उशिरा पेट घेते.

४. हिरवट चढलेली, चिरलेली, गोळी हलणारी किंवा कोणी घरी भरलेली काडतुसे वापरू नयेत. ओल आणि उष्णता ही दोन्ही दारूची वैरी आहेत, आणि आपल्याकडचा माळा पावसात ओला व उन्हाळ्यात भट्टी असतो.

५. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असे शस्त्र व काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत, आणि मग वारसाने हवे तर २०१६ च्या नियमांनुसार स्वतःच्या नावे अर्ज करावा.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले : बोल्टला हात लावू नकोस, वडिलांना घेऊन ठाण्यात जा. आठ दिवसांनी त्याने येऊन सांगितले की रायफल आणि डबा रीतसर जमा झाला. तेथे काडतुसांची नोंद करताना बुडावरची अक्षरे वाचली गेली तेव्हा डब्यात दोन जातींची काडतुसे निघाली, आणि रायफलीची त्यांपैकी एकच होती. दुसरी कोणाची, कोठून आली, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

आमच्या काकांची रायफलही पुढे अशीच जमा झाली. दुकानातून आणलेली ती दहा काडतुसे मामांनी दुसऱ्याच दिवशी काकांना परत करायला लावली होती. दहाच्या दहा. त्यातल्या एकावर, पितळेच्या खांद्याशी, माझ्या तळहाताच्या जोराने उमटलेला एक चकचकीत ओरखडा होता. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी व्हर्नियरचे शेवटचे घर न वाचता "सर, जवळजवळ आलं" म्हणतो, तेव्हा तो ओरखडा मला अजून दिसतो.